नाण्यातलं मीठ

काळ हा सर्वांत थोर कारागीर आहे, आणि धातूवर त्याने चढवलेल्या कांतीला माणसाच्या हाताचा स्पर्श होता कामा नये. हे वाक्य मी पनवेलला शिक्षकांच्या एका सभेत ऐकलं आणि लगेच वहीत उतरवून घेतलं. वक्ते निवृत्त मामलेदार होते. जुन्या नाण्यांचा त्यांचा संग्रह तालुक्यात प्रसिद्ध होता, आणि त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांची नाणी सागवानी खणांत, मखमलीवर, बंद खोलीत असत. खाडीकाठी हाच थोर कारागीर रविवारचीसुद्धा सुटी न घेता काम करतो आणि हाती लागेल ते खाऊन टाकतो, हे त्या वाक्यात नव्हतं. वहीतही अर्थात आलं नाही.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मी दिवाळे गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आता त्या बाजूला उंच इमारती आहेत आणि पत्त्यात नवी मुंबई लिहितात. तेव्हा पाकिटावर गावाचं नाव आणि तालुका एवढं लिहिलं तरी पत्र पोचायचं, कारण दुसरीकडे जायला त्याला जागाच नव्हती. नवे पैसे नुकतेच आले होते. वर्गात मी शंभर नव्या पैशांचा रुपया शिकवायचे आणि शाळा सुटली की माझ्याच विद्यार्थ्यांच्या आया मला आण्यांत मासे विकायच्या.

मी एका विधवा कोळणीकडे राहत असे. वय पन्नाशीचं, आवाज भरतीच्या वेळेला पलीकडच्या काठावर पोचेल असा. तिला मी मावशी म्हणायचे. ती मला मास्तरीन बाय म्हणायची, आणि रागावली की नुसतं 'गो'. तिच्या नवऱ्याने मागे ठेवलेल्या वस्तूंत एक जाळं होतं, ते दिराने नेलं. होडीतला हिस्सा होता, तोही दिराकडे गेला. आणि अकरा तांब्याची नाणी होती, ती दिराला नको होती.

नाणी नवऱ्याला खाडीत सापडलेली. ओहोटीला होडी रुतली, नांगर ओढून काढताना त्याच्यासोबत चिखलाचा मोठा गोळा वर आला, आणि गोळा फोडल्यावर आत ही अकरा. वर्षभराने तो तापाने गेला. पण जाण्याआधी त्याने एक नाणं ओल्या अंगठ्याने पुसून तिला दाखवलं होतं: हे बघ, हे शीड, आणि ही खाली होडी. मावशीला अक्षर येत नव्हतं. तोवरच्या आयुष्यात तिला कोणी काही वाचून दाखवलं असेल, तर ते एवढंच.

माझ्या पहिल्या दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, मागच्या दारी ती फतकल मारून बसली होती. पुढ्यात देव, समई, तांब्या-पेला, चिंचेचा गोळा आणि चुलीतली राख. एका हातात नाणं. पलीकडे चार नाणी आधीच ठेवलेली, लखलखीत, आणि दोन्ही बाजूंनी कोटाच्या बटणासारखी गुळगुळीत.

"मावशी, थांबा!" मी ओरडले.

तिने हात झटकला. "काय गो? इंचू हाय?"

"विंचू नाही. नाणं घासू नका."

"मग लक्ष्मीपुढं काला तोंड ठेवू?"

तेव्हा मला तिची पद्धत कळली. दर दिवाळीला एक नाणं. चार वर्षांत चार. सगळी एकदम का नाही घासली, असं विचारल्यावर तिने माझ्याकडे कीव करत पाहिलं. "सगली एकदम घासली तं पुढल्या साली काय घासू?"

यंदा पाळी होती होडीची. गेल्या पावसाळ्यापासून शिडावर हिरवं चढत चाललं होतं आणि होडी नीट दिसत नव्हती. घासली की दिसेल, असा तिचा हिशेब. मी ती चार बटणं तिच्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, यांच्यावर काय होतं? तिने ती एकेक करून उलटून पाहिली. मग म्हणाली, "एकावर काय तरी फुलासारका व्हता." आणि चिंच बाजूला ठेवली.

इथे मी माझी वही काढली. भाऊसाहेबांचं वाक्य तिला वाचून दाखवलं. कांती म्हणजे काय तेही समजावलं: जुन्या तांब्यावर जो काळपट, तपकिरी थर बसतो तो मळ नव्हे, ते त्याचं कातडं असतं, ते सोललं की नाणं मेलं आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत गेली.

"कांती म्हनं," मावशी म्हणाली. "मी चार वर्स आंघोल केली नाय तं माझीपन कांती येल."

तरी तिने उरलेली सात नाणी माझ्या स्वाधीन केली. होडीचं नाणं शेवटी दिलं. "ने. पन होडी बुडवू नको."

सभेनंतर मी भाऊसाहेबांना गाठून सगळं विचारून घेतलेलं होतं. पाणी हा धातूचा शत्रू. कोरड्या फलाटीनच्या कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवावीत, कापराची वडी टाकावी, आणि डबा उघडू नये. मी अक्षरशः तसंच केलं. बिस्किटांचा डबा, फलाटीन, कापूर. आणि डब्यावर चिठ्ठी, 'उघडू नये', जणू घरात वाचणारं दुसरं कोणी होतं. शिवाय भाऊसाहेबांना पत्र लिहून नाण्यांचं वर्णन कळवलं. नाणी न पाहताच त्यांचं कार्ड आलं: बहुधा अतिप्राचीन असावीत, आणि तसं ठरल्यास ती राष्ट्राच्या स्वाधीन करणं हे आपलं कर्तव्य होय. मीही ते अभिमानाने मावशीला वाचून दाखवलं.

"राष्ट्र कोन?" तिने विचारलं.

"म्हणजे सरकार. मोठ्या शहरात ठेवतील, काचेत. सगळ्यांना बघता येईल."

"मना बगता येल?"

"तिथं गेलात तर."

ती उठून चुलीकडे गेली. त्या दिवसापासून माझ्या ताटात येणारा माशाचा तुकडा शेपटीकडचा झाला.

पावसाळा आला. आषाढात माझ्या खोलीचं एक कौल सरकलं आणि धार नेमकी फळीवर पडू लागली. डबा हलवताना तो बाहेरून ओला लागला म्हणून मी उघडला. कापूर उडून गेला होता. फलाटीन दमट, आणि नाण्यांच्या जागी जागी त्यावर फिकट हिरवी भुकटी, पोपटाच्या पिसासारख्या रंगाची. एक नाणं उचललं तर त्याच्या कडेचा पापुद्रा बोटांत आला आणि चुरून गेला. होडीच्या नाण्यावर शिडाच्या टोकाशी तोच हिरवा ठिपका होता आणि तो ओलसर होता. चिंचेला एक नाणं खायला एक दिवाळी लागत होती. माझ्या शास्त्रोक्त डब्याने एका पावसात सातही चावायला घेतली होती.

दोन दिवस मी तिला सांगितलं नाही. भाऊसाहेबांना लिहावं, तर उत्तर यायला आठवडा, आणि उत्तरात वाक्य येणार. तिसऱ्या दिवशी मावशीच ओटीवर येऊन उभी राहिली.

"दोन दिस भात टाकतेस. कोन मेला का तुजा?"

मी डबा तिच्यापुढे उघडला आणि मान खाली घातली. मला वाटलं, आता हिचा आवाज पलीकडच्या काठावर जाणार. पण ती खाली बसली, चुरलेलं नाणं नखाने टोकरलं, हुंगलं, आणि मी काही म्हणायच्या आत त्या हिरव्या भुकटीला जिभेचं टोक लावून अंगणात थुंकली.

"मावशी, ते विष असतं!"

"इष कुठला, मीट हाय." तिने चूळ भरली. "चार पिढ्या खाडीत पडून व्हती ती. आत मीट मुरलाय. वरून गोधडी घातलीस, मीट आतच. पावसात त्याला पानी सुटला." मग बोट पदराला पुसून, "सुक्या मासलीला पन असाच व्हता. मीट नीट नाय उतरवला तं."

खाऱ्या माशाचं मीठ उतरवणं ही तिची रोजची विद्या. खारवलेला घोळ किंवा सुरमई रांधायच्या आधी गोड्या पाण्यात टाकायची, थोड्या वेळाने ते पाणी ओतून नवं घ्यायचं, पुन्हा ओतायचं. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नाही तर मासा फुटतो. आणि किती वेळा, याचा नियम एकच: पाणी चाखायचं. खारट लागेपर्यंत मीठ निघतंय, खारट लागायचं थांबलं की मासा मोकळा.

"म्हणजे नाणी पाण्यात टाकायची?" मी भाऊसाहेबांची बाजू अजून सोडली नव्हती. "पाणी तर धातूचा शत्रू."

"मग खाडीत इतकी वर्स काय दुधात व्हती?"

मी वही मिटली.

पाणी मात्र कुठलंही चालणार नव्हतं. गावच्या विहिरीचं पाणी मचूळ. त्यात मीठ उतरणार कसं, उलट चढायचं. मावशीने पावसाचं घेतलं. पहिली सर कौलं धुऊन जाऊ दिली, मग पागोळीखाली मडकं ठेवलं. मातीच्या पसरट परातीत तळाला जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरला आणि त्यावर सातही नाणी एकमेकांना लागणार नाहीत अशी ठेवली. चुरलेल्या नाण्याचे तुकडेसुद्धा. मी विचारलं, याचं आता काय उरलंय? तर म्हणाली, "मोडला म्हनून टाकायचा का? तसा तं माजा गुडगाबी मोडलाय."

मी सुचवलं, जाता जाता चिंचेचं थेंबभर पाणी घातलं तर हिरवं लवकर सुटेल. आता सांगायला लाज वाटते, पण घाबरलेला माणूस दोन्हीकडचे मंत्र म्हणतो. मावशी म्हणाली, "चिच शिजवतांना. अजून शिजवायचा नाय."

रोज सकाळी पाणी बदलायचं. आदल्या दिवसाचं पाणी ती बोटावर घ्यायची, जिभेला लावायची आणि थुंकायची. मलाही चाखायला लावायची. पहिल्या आठवड्यात खारटपणा मलाही कळला. दुसऱ्या आठवड्यात मी सांगितलं, झालं, आता गोडं लागतंय. तिने चाखलं. "तुज्या जिबेला श्येंगदाने कलतात फकस्त." माझ्या जिभेनंतर तिची जीभ पाच आठवडे चालली. मी अध्यापनाची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले होते. ते मावशीला एकदा सांगितलं होतं. त्या दिवसांत तिने त्याचा उल्लेख केला नाही, एवढा तिचा मोठेपणा.

हिरवी भुकटी हळूहळू पाण्यात सैल होत गेली. जी सुटत नव्हती ती काढायला मी सुई आणली. मावशीने सुई काढून घेतली आणि खेकड्याच्या नांगीतलं मांस काढायची बांबूची काडी दिली. लोखंड तांब्याला ओरखडतं, बांबू हरतो. हरणारीच वस्तू हवी, हे मला पुढे एका पुस्तकात वाचायला मिळालं तेव्हा मी ते जाणकारासारखी मान हलवून वाचलं. नाणं ओलं असतानाच, बोटाच्या पेरावर धरून, कडेकडेने. एका बैठकीत एक ठिपका. खालचा तपकिरी थर आला की थांबायचं. तो सुटायला लागतोय असं वाटलं तर त्याच्याही आधी थांबायचं.

होडीच्या नाण्याला मला हात लावू दिला नाही. ते तिने स्वतः केलं, ओटीच्या कडेवर पावसाच्या उजेडात बसून, तीन सकाळी. शिडाच्या टोकावरचा ठिपका निघाला तेव्हा खाली खळगा निघाला, मोहरीएवढा. टोक तेवढं गेलं होतं. बाकी शीड होतं, होडी होती.

"वाऱ्यानं फाटला," ती म्हणाली. एवढंच.

सातव्या आठवड्याच्या शेवटी तिने एका सकाळी पाणी चाखलं आणि थुंकलं नाही. गिळलं. "झाला," म्हणाली. मी मनातल्या मनात भाऊसाहेबांची क्षमा मागितली आणि मग परत घेतली.

सुकवतानाही घासाघास नव्हती. फडक्यावर ठेवून वरून दुसरं फडकं नुसतं दाबायचं. मग चुलीपासून हातभर लांब, जिथे हाताला ऊब लागते पण चटका बसत नाही, तिथे दिवसभर. शेवटी खोबरेल तेलाचं बोट, लावून लगेच टिपून घेतलेलं. तेल फार दिवस राहू देऊ नये, तेही आंबतं, हे मला नंतर कळलं. मावशीने ते तेव्हाच टिपलं, कारण तेल महाग होतं. नाणी आता काळीही नव्हती आणि चकचकीतही नव्हती. बऱ्याच दिवसांनी पोटभर झोपलेल्या माणसासारखी दिसत होती. फलाटीनचं कापड मी चुलीत घातलं.

राहता राहिलं राष्ट्र.

मी भाऊसाहेबांना नाणी दाखवायचं कबूल केलेलं होतं आणि ते दर महिन्याला कार्ड पाठवून आठवण करत होते. पाऊस उघडल्यावर एका रविवारी आम्ही भरतीच्या पाण्यावर होडीने पनवेलला गेलो. मावशी टोपली घेऊन आली. तिला बाजार करायचाच होता. पण आधी ती माझ्याबरोबर भाऊसाहेबांच्या माडीवर चढली. सात नाणी पदराच्या गाठीत होती, आणि बंदरापासून तिथवर तिचा हात त्या गाठीवरून हलला नव्हता. कोलंबीची टोपली तिने जिन्यात ठेवली. भाऊसाहेबांनी खिडकी उघडली.

त्यांनी मोठं भिंग काढलं, मखमलीचा तुकडा पसरला आणि नाणी चिमटीने उचलून कडेकडेने पाहिली. मी माझी नखं पाहत होते.

"उत्तम," शेवटी ते म्हणाले. "खाडीतली नाणी इतकी निरोगी मी पाहिली नाहीत. पाहा, कांती शाबूत. याला म्हणतात मानवी हस्तक्षेपापासून दूर ठेवणं!"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मग त्यांनी होडीचं नाणं उचललं. मावशी एक पाऊल पुढे सरकली.

"हां. हे तर अगदी स्पष्ट आहे. कंपनी सरकारचा तांब्याचा पैसा. हा तराजू. एक पारडं झिजून गेलंय. ही उरलेल्या पारड्याची दोरी, ही दुसरी दोरी, वर मिळतात, आणि हे खाली पारडं." त्यांच्या आवाजातलं अतिप्राचीन उतरत चाललं होतं. "तराजू म्हणजे न्यायाचं प्रतीक."

मी पाहिलं. वर टोकाला मिळणाऱ्या दोन तिरप्या रेषा आणि खाली वाटोळं पारडं. एकदा सांगितल्यावर तो तराजू होता यात शंका उरत नव्हती. मला वाटलं, झालं. सात आठवड्यांत जे वाचवलं ते यांनी एका वाक्यात बुडवलं.

मावशीने वाकून नीट पाहिलं. "तराजू?"

"तराजू."

"मग दुसरा पारडा कुठं हाय?"

"झिजलं, म्हणालो ना."

"एका पारड्याचा न्याय!" ती म्हणाली. "तुमच्या कचेरीत चालत असल. आमी मासली वाट्यानं इकतो. माज्या घरवाल्यानं जन्मात तराजू धरला नाय, त्याला तो दिसल कशाला? होडी हाय ती."

भाऊसाहेबांनी भिंग पुसलं. निवृत्त मामलेदाराला उलट बोलणाऱ्या माणसांची सवय राहिलेली नसते. पण त्यांनी नाणं पुन्हा एकदा भिंगाखाली धरलं, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "तसंही दिसतं खरं," ते म्हणाले.

मी घाईने विचारलं, "मग ही आता राष्ट्राच्या स्वाधीन...?"

"छे. ही कंपनीने गोणी भरभरून पाडली. राष्ट्राकडे भरपूर आहेत. यांना संग्राहकही फारसे विचारत नाहीत. बाईंनी खुशाल घरी ठेवावीत."

एखादी वस्तू कवडीमोल ठरल्याचा इतका आनंद मी त्याआधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता, आणि त्यात माझा चेहराही असावा. मावशीने नाणी मखमलीवरून उचलून मोजली, चुरलेल्याचे तुकडेही मोजले, पदराला गाठ मारली आणि निघाली. कोलंबी थांबत नसते.

मी थांबले, कारण भाऊसाहेबांनी नोंदवही काढली होती. नाणी सामान्य असली तरी त्यांची अवस्था असामान्य होती आणि पद्धत लिहून ठेवणं आवश्यक होतं. मग मला खरं सांगावं लागलं. मानवी हस्तक्षेप झाला होता, भरपूर. डब्याचंही सांगितलं. त्यांनी ते निमूटपणे ऐकलं, चष्मा लावला आणि सुवाच्य अक्षरात लिहू लागले. पाणी: पर्जन्याचे. पात्र: मृत्तिकेचे. कालावधी: सात सप्ताह. शलाका: वेणूची. ती शलाका एरवी कशाला वापरतात, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"आणि क्षार पूर्ण निघाल्याची परीक्षा?"

"रोजचं पाणी तपासून."

"कोणी तपासलं?"

"त्यातल्या एक जाणकार आहेत," मी म्हणाले.

भाऊसाहेबांनी मान डोलावली आणि लिहिलं: क्षारपरीक्षा तज्ज्ञांकडून. मग टाक खाली ठेवून अतिशय आदराने विचारलं, अशा विदुषींची कधी गाठ पडू शकेल का.

खिडकी उघडीच होती. विदुषी खाली बाजारात एका गिऱ्हाइकाला, कोलंबी ताजी नाही असं म्हणण्याआधी स्वतःचं नाक तपासून घ्यायला सांगत होत्या.